रोल नंबर एकोणीसचा दिवा

माझ्या मुलीला खोटं बोलायला मीच शिकवलं. इतर आया मुलांकडून पाढे पाठ करून घेतात, मी पत्ता पाठ करून घेतला. कुणी विचारलं तर आम्ही दादरला राहतो, नोकरी करणाऱ्या बायकांच्या हॉस्टेलात, आणि तिथे पुरुषांना आत सोडत नाहीत. मैत्रिणीने विचारलं तरी हेच, बाईंनी विचारलं तरी हेच. मनवाने पहिल्यांदा हे न अडखळता म्हणून दाखवलं तेव्हा मी तिला शाबासकी दिली आणि मोरीत जाऊन रडले.

खरं तर आम्ही शिवडीला राहत होतो, शेवंतीमावशीकडे. मावशी माझी सख्खी नव्हे. आईची जुनी मैत्रीण, मूळची मालवणकडची. नवरा गोदीत होता, तो वारला. मूलबाळ नाही. गोदामांच्या मागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर तिची खोली. अजितने तिचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं, आणि आमचं सगळं आयुष्य त्या एका गोष्टीवर उभं होतं.

अजित माझा नवरा. एका बिल्डरच्या ऑफिसात सर्व्हेअर आहे, जमिनी मोजतो. लोकांना वाटतं, मारणारा माणूस दारू पितो, शिव्या घालतो, भांडी फेकतो. अजित दारूला शिवत नाही आणि तो कधी ओरडला नाही. तो आधी दार लावायचा, मग खिडकी, मग पंखा मोठा करायचा. एकदा मी माझंच बँकेचं कार्ड परत मागितलं म्हणून त्याने माझा हात कपाटाच्या फटीत धरला आणि दार हळूहळू लोटलं, घाई न करता, माझ्या तोंडाकडे बघत. मनवा तेव्हा त्याच खोलीत अभ्यासाला बसली होती. दुसऱ्या दिवशी तोच मला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला आणि म्हणाला, हिची नेहमी धांदल असते हो. त्या आठवड्यात मी मुलीला घेऊन निघाले. जाताना त्याने अडवलं नाही. "जा," म्हणाला. "मनू माझी आहे. कुठे ठेवतेस ते शोधून काढीन, मग निवांत बसू आपण तिघं."

त्या 'निवांत'ला मी वर्षभर घाबरत होते.

शाळा मात्र तीच राहिली, लालबागची. दाखला काढायचा तर वडिलांची सही लागेल म्हणाले, आणि कोर्टातली केस रखडलेली. जुन्या मुख्याध्यापिकांना मी सगळं सांगितलं होतं, पण त्या मेमध्ये निवृत्त झाल्या. नव्या माणसांना सांगायला माझी जीभ उचलेना. घरची लक्तरं वेशीवर किती वेळा टांगायची? त्यामुळे 'सातवी ब पालक' या व्हॉट्सॲप ग्रुपवर मीही होते आणि अजितही होता. तो कधी काही लिहायचा नाही. नुसता असायचा. मनवा मागच्या फाटकातून, मैत्रिणींच्या घोळक्यातून बाहेर पडायची. एकदा तो मागे मागे आला तेव्हा आम्ही सरळ दादरला त्या हॉस्टेलात शिरलो. तिथल्या रेक्टर माझ्या ओळखीच्या. पाहुण्यांच्या खोलीत आम्ही बसून राहिलो आणि तो समोरच्या फुटपाथवर उभा राहिला. अखेर कंटाळून गेला. त्या दिवसापासून दादरचा पत्ता त्याला पटला.

जूनमध्ये मनवाच्या वर्गावर विज्ञानाला अपूर्वा मॅडम आल्या. बाई वयाने लहान आणि अंतराळाने झपाटलेली. परातीत रांगोळी पसरून वरून गोट्या टाकायला लावून तिने पोरांना चंद्रावरचे खड्डे दाखवले. पाण्याच्या बाटलीचं रॉकेट उडवून शेजारच्या कँटीनची काच फोडली आणि स्वतः जाऊन माफी मागून आली. मनवा जेवताना दुसरं काही बोलेना. मला बरं वाटायचं. गेल्या वर्षभरात पोरगी दचकायची, नखं खायची, ती आता आकाशाबद्दल भांडायला लागली होती.

मग दिवाळीनंतर मॅडमनी कुठल्याशा विज्ञानसंस्थेकडून ती यंत्रं उसनी आणली. साबणाच्या वडीएवढी, काळी. उपग्रहांचे सिग्नल पकडून आपण पृथ्वीवर नेमके कुठे आहोत ते सांगणारी. एकेका मुलाने यंत्र शनिवारी घरी न्यायचं, मोकळ्या आकाशाखाली ठेवायचं, आपल्या घराचे अक्षांश-रेखांश टिपायचे आणि सोमवारी परत आणायचं. मग उपग्रहाने काढलेल्या आपल्या भागाच्या फोटोचा मोठा फ्लेक्स छापायचा, दादरपासून शिवडीपर्यंतचा, आणि ज्याच्या त्याच्या घराच्या छपरावर एक बारका दिवा लावायचा. दिव्याशेजारी रोल नंबर. प्रदर्शनात पालकांना दाखवायचं. प्रकल्पाचं नाव 'आमचं नक्षत्र'.

मनवाने हे सांगितलं तेव्हा मी भाकरी थापत होते. माझे हात थांबले.

मनवा मावशीला समजावत होती. तिने ताटात आमटीच्या वाट्या मांडल्या होत्या. "बघ आजी, एका उपग्रहापासून आपण किती लांब ते कळलं तरी आपण कुठे ते कळत नाही. दोनाने पण नाही. चार लागतात. चौघांची अंतरं जिथे जुळतात तिथे आपण."

"म्हणजे लपूची सोयच नाय म्हण," मावशी म्हणाली आणि हसली.

मला हसू आलं नाही. मी म्हटलं, "मनू, तू दादरचं माप देणार आहेस. हॉस्टेलचं. रविवारी जाऊ आपण."

"पण आपण तिथे राहत नाही."

"माहितीये मला कुठे राहतो ते."

"आई, ते निरीक्षण खोटं होईल. मॅडम म्हणतात, आकडा आपल्याला आवडला नाही तरी बदलायचा नाही. विज्ञानात तेवढं एकच पाप आहे."

"तुझ्या मॅडमच्या घरी असा बाप नसेल," मी म्हणाले. हे असं ताडकन बोलायची माझी खोड आहे. मनवाने वाट्या उचलल्या आणि मोरीत नेऊन ठेवल्या.

तिचा नंबर लागला त्या शनिवारी यंत्र घरी आलं. मी कामावरून आले तर ते खिडकीच्या गजांवर ठेवलेलं, आणि त्यावर एक हिरवा दिवा लुकलुकत होता. "बंद कर ते आधी!"

"बंद नाही करायचं. बटण आत आहे, मॅडमच करणार सोमवारी. मी फक्त ठेवलंय, टिपलं काहीच नाही."

मला ते यंत्र घरात नको होतं, पण रात्री नेणार कुठे? त्या हिरव्या दिव्याकडे बघवेना म्हणून मी माझा रुमाल त्यावर टाकला. दिवा दिसेनासा झाला आणि मला वाटलं, झोपलं. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशी गत. मी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरी करते, काउंटरवर का होईना, दिवसभर मशिनींच्या सहवासात असते, तरी मला इतकं कळलं नाही की दिवा माझ्यासाठी असतो. यंत्राला दिव्याची गरज नसते. रुमालातून सिग्नल जातो. ते रात्रभर आकाशाकडे बघत बसलं आणि आमची खोली मोजत राहिलं.

रविवारी आम्ही दादरला गेलो. हॉस्टेलसमोर झाडाखाली उभं राहून मनवाने आकडे टिपले. परत येताना ती माझ्याशी बोलली नाही. मी तिला भेळ घेऊन दिली, ती तिने खाल्ली, पण बोलली नाहीच. मला वाटलं, रुसू दे. रुसलेली पोर परवडली.

प्रदर्शन डिसेंबरातल्या एका शनिवारी होतं. मला लॅबमधून दुपारी सुटी मिळणार होती. सकाळी गर्दी ओसरल्यावर मी फोन उघडला. ग्रुपवर अपूर्वा मॅडमनी फोटो टाकला होता. 'आमच्या सातवी ब चं नक्षत्र! सर्व पालकांनी अवश्य यावे.' खाली कौतुकाचा पाऊस. सुरुचीची आई कांताताई, लालबागला मसाल्याचं दुकान आहे तिचं, तिने तर फुलंच फुलं पाठवली होती.

मी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आधी दादर पाहिलं. हॉस्टेलच्या छपरावर दिवा नव्हता. मला वाटलं, नीट दिसत नसेल. मग फोटो सरकवत सरकवत पूर्वेला आले. गोदामांची लांबट पत्र्याची छपरं, त्यामागे आमची चाळ. गळतं म्हणून आमच्या गच्चीवर निळी ताडपत्री घातलेली आहे. ती ताडपत्री अवकाशातूनही दिसते, हे मला तेव्हा कळलं. त्या निळ्या ठिपक्यावर, खिडकीच्या बाजूला, दिवा होता. शेजारी १९.

मॅडमनी यंत्रातली नोंद पाहिली होती. दादरला झाडाखाली जेमतेम सिग्नल मिळालेले, आणि शिवडीला रात्रभराची स्वच्छ, भरपूर उपग्रहांची नोंद. कुठल्याही प्रामाणिक माणसाने केलं असतं तेच त्यांनी केलं. चांगलं माप ठेवलं, वाईट टाकून दिलं. पोरीने टिपताना घोटाळा केला असेल, असं समजून तिची चूक मायेने सुधारली.

मी ग्रुप वर सरकवला. फोटोखाली अंगठे होते. कुणाकुणाचे ते बघायला मी बोट ठेवलं. पाचवा अजितचा होता.

वर्षभरात त्याने पहिल्यांदा काही दाखवलं होतं. आपण पाहिलं, एवढंच.

माझ्या कानात शिट्टी वाजायला लागली. समोर एक आजोबा रिपोर्ट मागत होते, मी त्यांना कुणा भलत्याच बाईचा रिपोर्ट दिला. मॅडमना फोन लावला, उचलला नाही. मावशीला दोनतीनदा लावला, वाजून वाजून बंद झाला. मावशी फोन कपाटात ठेवते, चोरीला जाईल म्हणून. मी पर्स उचलली आणि कुणाला न सांगता बाहेर पडले.

टॅक्सीत बसल्यावर कळेना की जायचं कुठे. शिवडीला मावशी एकटी, लालबागला मनवा. ड्रायव्हर दोनदा म्हणाला, "किधर जाना है, मॅडम?" मी लालबाग म्हणाले. भारतमाता थिएटरच्या सिग्नलला टॅक्सी थांबली तेव्हा मला ओरडावंसं वाटत होतं. मी मनात एकच म्हणत होते, तो शाळेत नसू दे. मग वाटलं, शाळेत नसेल तर कुठे असेल? मग म्हणायला लागले, शाळेतच असू दे. दोन्हींपैकी काय मागावं हेही मला कळत नव्हतं.

तो शाळेत होता.

सातवी ब चा वर्ग दुसऱ्या मजल्यावर. दारात चपलांचा ढीग, आत पालकांची गर्दी. मी दाराच्या चौकटीपर्यंत आले आणि तिथेच माझे पाय थांबले. समोरच्या भिंतीवर तो फ्लेक्स, त्यावर पिवळे बारके दिवे. फ्लेक्सपुढे अजित उभा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात पेढ्यांचा खोका. तो अपूर्वा मॅडमना पेढा देत होता आणि मॅडम हसत होत्या. कुणालाही वाटावं, काय सालस माणूस आहे.

आणि त्या दोघांच्या मध्ये, हातात पट्टी घेऊन, मनवा.

तिने छताला चार चांदण्या टांगल्या होत्या. प्रत्येकीपासून एक दोरा खाली आला होता आणि चारी दोरे एका लाकडी ठोकळ्यावर येऊन मिळाले होते. पाठ केलेलं ती बोलत होती. "हे चार उपग्रह. प्रत्येकाकडे अतिशय अचूक घड्याळ असतं..." आवाज नेहमीसारखा होता. फक्त पट्टी धरलेल्या हाताची बोटं पांढरी पडली होती. ती बोटं मला दारातून दिसली, कारण मी आई आहे.

"वा," अजित म्हणाला. "आणि तुझा दिवा कुठला, मनू?"

"हा, पप्पा." पट्टी दादरवर गेली. हॉस्टेलच्या छपरावर एक दिवा होता. सकाळच्या फोटोत तो नव्हता. वायर घाईने ओढून आणलेली, चिकटपट्टी वाकडी, बाजूला १९. मग मी शिवडीकडे पाहिलं. निळ्या ताडपत्रीवर आता दिवा नव्हता. नुसतं भोक होतं.

त्याला फाटकातून येताना पाहिलं असणार पोरीने, आणि तेवढ्या वेळात तिने घर उपटून दुसरीकडे लावलं.

"असं होय," अजित म्हणाला. त्याने खिशातून फोन काढला, फोटो मोठा केला, मनवासमोर धरला. "सकाळी तर एकोणीस इकडे होता." मग त्याने फ्लेक्सवरच्या भोकावर बोट ठेवलं, आमच्या खिडकीवर, आणि ते तिथेच राहू दिलं. "इथे काय होतं गं?"

आजूबाजूचे पालक कौतुकाने बघत होते. बाप लेकीला प्रश्न विचारतोय, किती रस घेतोय. मला आत जाता येईना. मी आत गेले तर मनवाचा चेहरा मला बघून फुटेल, असं वाटलं.

"ते चुकलं होतं, पप्पा," मनवा म्हणाली. "आपल्याकडे टॉवर खूप झालेत ना. सिग्नल सरळ न येता भिंतीवर आपटून येतो. मग यंत्राला अंतर जास्त वाटतं आणि ते भलतीच जागा दाखवतं. म्हणून मॅडमनी दुरुस्त केलं." ती मॅडमकडे वळली. "हो ना, मॅडम?"

अपूर्वा मॅडमचा हसरा चेहरा तसाच राहिला, पण डोळ्यांतलं हसू गेलं. आपटलेल्या सिग्नलने जागा इमारत-दोन इमारती सरकते. शिवडीचं दादर होत नाही. हे मला मागाहून समजलं, त्यांना त्याच क्षणी ठाऊक होतं. त्यांनी मनवाच्या बोटांकडे पाहिलं. मग त्यांची नजर गर्दीवरून फिरत दारात आली आणि माझ्यावर थांबली. माझं तोंड कसं दिसत होतं कोण जाणे.

"हो," त्या म्हणाल्या. "चुकीची नोंद होती. मीच बदलली."

आकडा बदलायचा नाही असं शिकवणारी ती बाई माझ्या मुलीसाठी चारचौघांत खोटं बोलली. माझे डोळे भरून आले. आणि त्याच क्षणी मला आठवलं, अजित सर्व्हेअर आहे. असली यंत्रं तो रोज हाताळतो.

त्याने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मग फोन खिशात ठेवला. "छान," तो म्हणाला. "फार छान शिकवता, मॅडम." मनवाच्या डोक्यावर हात ठेवला, तिने मान खाली घातली. त्याने आणखी दोघातिघांना पेढे वाटले, खोका बंद केला आणि दाराकडे आला. मला पाहून तो दचकला वगैरे नाही.

"बारीक झालीस, प्रिती," तो हळू म्हणाला. "जेवत जा." आणि जिना उतरून गेला.

मनवा धावत बाहेर आली. तिचे गाल लाल झाले होते. "आई, पटलं ना त्यांना? मी बरोबर बोलले ना?"

मी हो म्हणाले. तिला जवळ घेतलं, आणि तिच्या खांद्यावरून कठड्याबाहेर पाहिलं. खाली रस्त्याच्या कडेला अजितने टॅक्सी थांबवली होती. तो खिडकीत वाकून ड्रायव्हरला फोन दाखवत होता. दोन बोटांनी स्क्रीनवरचं काहीतरी मोठं करत होता, आणि ड्रायव्हर मान हलवत होता. मग तो आत बसला. टॅक्सी काळाचौकीच्या दिशेने, शिवडीकडे वळली.

त्याने मुलीला ओढून नेलं नव्हतं. त्याला चारचौघं चालत नाहीत. त्याला दार लागतं. तो खोलीत जाऊन बसणार होता आणि आम्ही घरी यायची वाट बघणार होता.

माझ्या मनात पहिलं काय आलं ते सांगते. मनवाला घ्यावं, मागच्या फाटकाने निघावं, हॉस्टेल गाठावं, तिथून पहिली मिळेल ती एसटी. मावशीला तो काय करणार, म्हातारीशी त्याचं वैर नाही. असं मी स्वतःला सांगितलं आणि मनवाचा हात धरून जिन्याच्या दोन पायऱ्या उतरलेसुद्धा. मग मला पंख्याचा आवाज आठवला. मोठ्या केलेल्या पंख्याचा. मावशी दार उघडेल, पाणी विचारेल, चहा टाकेल. आणि तो उठून खिडकी लावेल.

मी परत फिरले आणि वर्गात गेले.

कसं बोलायचं ते मला माहीत नव्हतं. मी फ्लेक्सपाशी जाऊन उभी राहिले आणि त्या भोकावर हात ठेवला. "हे माझं घर आहे," मी म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की कुणी पाहिलंही नाही. मग मी ओरडले. "हे माझं घर आहे! रोल नंबर एकोणीस इथे राहतो!"

सगळ्यांच्या माना वळल्या.

"आत्ता जो पेढे वाटून गेला तो माझा नवरा. त्याने माझा हात कपाटाच्या दारात मोडला. आम्ही त्याच्यापासून लपून राहतो. त्याला आज घर सापडलं. तो तिकडेच गेलाय, आणि घरात माझी मावशी एकटी आहे." मी डावा हात वर केला. ही दोन बोटं अजून सरळ होत नाहीत. वर्षभर मी ती पदराखाली, पर्सखाली, काउंटरखाली लपवली होती. "मला भीती वाटते. मला एकटीला तिकडे जायची भीती वाटते."

मला वाटलं, संपलं. आता म्हणतील, नवराबायकोचं भांडण, आपण कशाला मधे पडा. एका बाईने हातातला अर्धा पेढा कुठे ठेवावा ते न समजून रुमालात गुंडाळला.

मग कांताताई मागून पुढे आली. दुकानातून तशीच आलेली, हाताला मिरचीचा वास. "मी त्या माणसाचा पेढा खाल्ला," ती म्हणाली. तिला जणू त्याचाच जास्त राग आला होता. "चला. टॅक्सी कोण बघतंय? अहो, उभे काय राहिलात, तुम्ही पण चला!" हे शेवटचं तिच्या नवऱ्याला. अपूर्वा मॅडमनी तोवर पोलिसांना फोन लावला होता आणि पत्ता सांगत होत्या. अक्षांश-रेखांशही सांगत होत्या बिचाऱ्या, समोरच्याला कळत नसताना.

तीन टॅक्सी भरल्या. मनवाला शाळेत ठेवायचं म्हटलं तर ती माझं मनगट सोडेना. मी, ती, कांताताई आणि तिचा नवरा पहिल्या टॅक्सीत. काळाचौकीच्या सिग्नलला अडकलो. पुढे टँकर, मागे बस. तेवढ्यात फोन वाजला. मावशी.

"काय गो, इतके मिस कॉल केलंस?" तिचा आवाज मजेत होता. "आणि ऐक, कोणतरी इलो हा. खिडकीतसून बघतंय मी. बरो माणूस दिसता. हातात पेढे असत. तुझो भाऊ म्हणता. उघडू काय?"

मला भाऊ नाही. मावशीला ते माहीत आहे, पण ती माणसांवर विश्वास ठेवते, आणि अजितला तिने कधी पाहिलेलं नव्हतं.

"उघडू नको! मावशी, तो अजित आहे. कडी घाल."

पलीकडून कडी सरकल्याचा आवाज, आणि त्यामागून दुसरा आवाज, दारावर बोटांनी हलकेच वाजवल्याचा. जोरात नाही. टक, टक, टक. तो कधीच घाई करत नाही. मनवाने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"गो, तो थयच उभो असा," मावशी कुजबुजली. तिचा आवाज आता पातळ झाला होता. "पोरी, माका भय वाटता. ह्या दाराची कडी मोडकी असा."

सिग्नल लाल होता. आणि तोंडून जे निघालं ते मी ठरवलेलं नव्हतं.

"मावशी, कुजबुजू नकोस. ओरड. खिडकीपाशी जा आणि तो कोण आहे ते ओरडून सांग. माझ्या हाताचं सांग. सगळं सांग. अख्ख्या चाळीला ऐकू जाऊ दे."

"सगळा सांगू? लोक काय म्हणतले गो?"

"म्हणू देत."

मग फोनमध्ये असा आवाज फुटला की कांताताई दचकली. मावशी म्हणजे आयुष्यभर गोदीच्या भोंग्यावर मात करून नवऱ्याला जेवायला हाक मारलेली बाई. तिने अजितचं नाव घेतलं, माझं नाव घेतलं, कपाटाचं दार घेतलं, आणि मधे मधे अशा मालवणी शिव्या घातल्या की मनवाने कानांवरचे हात काढले.

टक टक थांबली.

मी फोन कानाला घट्ट दाबून धरला. मला पावलं ऐकायची होती, जातायत की आत येतायत ते. पण मावशीच्या ओरडण्यात पावलं ऐकू येईनात. नंतर तिच्या आवाजामागे एक कडी वाजली. मग दुसरी, लांबची. मग गॅलरीभर एकामागून एक दारं उघडायला लागली.